रक्षा पाण्यात नाही

१० जानेवारी २००४
सुमन पहाटे गेली. दवाखान्यात मी एकटाच होतो. दुपारी पंचगंगेच्या स्मशानात दहन. महापालिकेतले मुकादम, झाडूवाले, सगळे ड्युटीच्या कपड्यांतच आले. बायको मोठी होती, हे आज दिसलं.

११ जाने.
उद्या रक्षाविसर्जन. मेव्हणे आनंदराव सासूबाईंना घेऊन बिद्रीहून आलेत. म्हणाले, "दाजी, रक्षा नदीतच सोडायची. आमच्यात तसंच हाय."
सुमन आरोग्य निरीक्षक. कित्येक वर्षं शिट्टी घेऊन घाटावर उभी. निर्माल्य, रक्षा, काही पाण्यात जाऊ द्यायची नाही. घाटावरच्या कुंडात टाका म्हणायची, तिथून खत होऊन शेतात जाईल. लोक चिडवायचे, "आली शिट्टीवाली! बाई, देवालाबी दंड करणार काय?"
"देवाला न्हाय, तुला."
मला एकदा जेवताना म्हणाली होती, "माझी पाण्यात सोडलीत तर तिथनं शिट्टी मारीन."
हे आनंदरावांना सांगायचं होतं, पण...

१२ जाने.
रक्षा गोळा केली. आनंदराव पाटी घेऊन सरळ घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. हार विकणाऱ्या गंगूबाई तिथंच बसलेल्या. सु.नं त्यांना दंड केला होता, तेव्हा घाटभर भांडण गाजलेलं. त्याच ओरडल्या, "ओ पावणं, हितं न्हाय! माझ्या सासऱ्याची सोडू दिली न्हवती बाईनं. तुमाला सोडू देती व्हय?"
आनंदराव उसळले. "ती बाई माझी भन हाय! कुंडात टाकायला कचरा हाय काय ती?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"पाटी खाली ठेवा," मी म्हणालो. एवढा मोठा आवाज माझा मलाच नवा. "तिनं लोकांना जे करायला लावलं, तेच तिचं होणार."
पाटी मी उचलली. कुंडात रिकामी केली. मुकादम शेजारी उभे होते. मान वर होती माझी. रडू आलं नाही.
घरी आल्यावर आनंदराव जेवले नाहीत. सासूबाईंना घेऊन निघाले. "तुमचा आमचा संबंध संपला बघा, दाजी."

१४ जाने.
संक्रांत. घरात तीळगूळ नाही.
गंगूबाई आल्या. फोटोला हार घातला. "लई शिव्या घातल्या बाईला. पर आता माझ्या पायरीला वास येत न्हाय." दारात वळून, "दंड मातूर इसरली न्हाय मी."
सु. असती तर मोठ्यानं हसली असती.

१७ जाने.
मुकादमांनी शिट्टी मागितली, घाटावरच्या नव्या माणसासाठी. देतो म्हणालो. दिली नाही अजून.

२० जाने.
उद्या उत्तरकार्य. माहेरचा आहेर आनंदरावांनीच आणायचा असतो. बिद्रीला फोन लावला. सासूबाईंनी उचलला.
"त्यो रानात हाय. सांगती." मग, "शेवटाला तरास झाला न्हाय न्हवं तिला?"
नाही म्हणालो. येणार की नाही, ते विचारायचं राहिलं.
संध्याकाळी फोटोवरचा सुकलेला हार पिशवीत घालून घाटावर गेलो. आधी दोरा ओढून काढला, जरीची तार वेगळी केली. फुलं तेवढी कुंडात टाकली. दोरा, तार आणि पिशवी खिशात घालून घरी आलो.