दोन टिंबं

प्रिय भोंग्या,

पत्र रजिस्टरनं पाठवतोय. साध्या टपालानं पाठवलं असतं तर मिळालंच नाही म्हणाला असतास. पत्ता तीनदा तपासला, तरी धाकधूक आहेच. अक्षरावरून हसू नकोस. चौथी पास माणसाला याहून बरं येत नाही. हसायचंच असेल तर आत्ताच हसून घे, पुढे फारशी संधी नाही.

हसण्यात तू पहिल्यापासून पटाईत. मूकपटाचे दिवस आठव. चित्रांच्या मधे मधे येणाऱ्या पाट्या मी रंगवायचो आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तू पडद्याशेजारी उभा राहून त्या मोठ्यानं वाचायचास. तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, म्हणून तू भोंग्या. आपल्या त्या एकुलत्या एका मूकपटाच्या शेवटच्या पाटीवर मी ‘दुख संपले’ लिहिलं. दुःखातला विसर्ग राहून गेला. तू भर खेळात म्हणालास, “पाटीवाल्यानं दोन टिंबं खाल्ली हो, भूक लागली असेल बिचाऱ्याला!” अख्खं थिएटर हसलं. त्या दिवसापासून मी टिंबोबा.

एक जण मात्र हसली नव्हती. ती पडद्याखाली बसून गायची. तेव्हा ती माझी कुणी नव्हती. ब्लूज म्हणायचे त्या गाण्यांना, तू त्यांना रडगाणी म्हणायचास. पण ती गायला लागली की लोक चित्र बघायचं विसरायचे. तुझ्या डोक्यात तबकडी काढायचं आलं ते त्यावरूनच. गोदामाच्या भिंतींना आपण गोधड्या टांगल्या होत्या. मेणाची एकच चकती उरली होती, म्हणजे चुकायची सोय नाही. यंत्रावर मी, कर्ण्यात तोंड घालून ती, आणि शेजारच्या लोहारानं घण मारू नये म्हणून तू त्याच्या दारात उभा. आठवतं? नीट आठव. तू आत नव्हतास.

तुझ्या कंपनीतून तबकडी छापून आली तेव्हा तिच्यावर तुझ्या बायकोचं, वहिनींचं नाव होतं. मी विचारलं तर म्हणालास, “अरे, कंपनीच्या मालकाची बायको गाते म्हटल्यावर वजन पडतं. कर सही, नुसता कागद आहे.” मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. तू समोर उभा राहून पाय हलवत होतास. तुझ्यासमोर अडखळत वाचायची लाज वाटली आणि मी न वाचता सही केली. मी केली म्हणून तिनंही केली. एवढ्या एका लाजेपायी मी तिचा आवाज तुझ्या हवाली केला. तुझा राग करता करता थकतो तेव्हा स्वतःचा करतो.

मग पन्नास वर्षं वहिनींचा घसा बसलेला! कुणी गायचा आग्रह केला की त्या पदर गळ्याशी धरून नाही म्हणायच्या. त्यांच्यावर माझा राग नाही, तुझ्यापायी त्या बाईनं जन्मभर खोटं खोकून काढलं. पण आमच्या गल्लीतल्या कार्यक्रमात मी ती तबकडी वाजवली तर तू वकिलाची नोटीस धाडलीस. ‘हक्क आमचे’ म्हणे. नोटीस वाचायला मला दोन दिवस लागले आणि हिची झोप महिनाभर उडाली. भोंग्या, मी दोन टिंबं खाल्ली म्हणून तू जन्मभर हसलास. तू तर अख्खं नाव खाल्लंस आणि ढेकरही दिला नाहीस.

आता ऐक. एक तारखेला तुझ्या हक्कांची पन्नास वर्षं पुरी झाली. वाचनालयातल्या बाईंना मी चारदा विचारलं, वर्ष कुठून धरायचं, शेवट कधी. पाचव्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आजोबा, मूकपट आणि गाणं दोन्ही आता सगळ्यांचं. तुम्ही चौकात वाजवा.” चौकात नाही, रविवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात वाजवतोय. आधी मूकपट, मग तबकडी. आणि गाणं संपल्यावर सुई उचलणार नाही. तू उचलतोस. सगळेच उचलतात. म्हणून तुझ्याच कपाटात असलेलं तुला कधी ऐकू आलं नाही. पुढे खरखर आहे, आणि त्या खरखरीत कर्ण्यापासून मागे सरत ती म्हणते, “टिंबोबा, झालं का हो? माझं नाव लिहिताना टिंबं खाऊ नका.” आणि हसून स्वतःचं नाव सांगते. सगळ्या गावासमोर, तुझ्या कंपनीच्या तबकडीवरून.

इथेच थांबणार होतो. बदला पुरा झाला असता. पण गेल्या महिन्यात रेडिओवर ते गाणं लागलं. हिला हल्ली फार आठवत नाही. भाजी निवडता निवडता ही थांबली, शेवटपर्यंत ऐकलं आणि मला म्हणाली, “वहिनी किती छान गातात हो.” मी म्हटलं, अगं तूच ती. तर म्हणते, “काहीतरीच तुमचं!” तबकडी शेवटपर्यंत ऐकवली तर म्हणे, “कोण हो ही पोर?” माझं बोलणं तिला पटत नाही. पण तुझा आवाज तिला अजून आठवतो. पाटीवरचं खरं, आणि भोंग्यानं वाचलं की पक्कं खरं, असं त्या थिएटरात सगळे मानायचे; ती अजून मानते. म्हणून एक नवी पाटी रंगवलीय. तीवर तिचं नाव आहे. बाईंकडून तपासून घेतलं, कुठलं टिंब खाल्लेलं नाही. इथे लिहीत नाही, तुला ते येऊनच वाचावं लागेल. माफ करणार नाही, तसली आशा ठेवू नकोस. पण ये. ती पहिल्या रांगेत बसेल. पडद्याशेजारी उभा राहा आणि पूर्वीसारखं मोठ्यानं वाच. दोनदा वाच. तिला एकदा ऐकलेलं राहत नाही.

इलाज नाही म्हणून तुझाच,
टिंबोबा