मंदानं हवा काढली

ता. २४ ऑक्टो., सोमवार
पोळ्यापासून एक ओळ लिहिली नाही. उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतो ते कळत नाही. वही संतोषनं आणून दिली, तेव्हा मुलाचीच समजावी. निजामाच्या राज्यात दोन यत्ता उर्दूत झाल्या, पोलीस ॲक्शननंतर मराठीत बसवलं, दोन्ही अर्धवट. चुका असतील.

संतोष ट्रकवर आहे, गुजरातच्या लाईनला. जाताना लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्याला ट्रॅक्टर द्यायचा शब्द देऊन गेला. म्हणाला, "दादा, घरी चालवणारं कोण हाय?" खरं आहे. माझा गुडघा क्लच दाबू देत नाही. व्यापारी रविवारी, लासूरचा बाजार उठला की न्यायला येणार.

त्याआधी हरभरा पेरून घ्यायचा. आज वाफसा आहे, पेरणीजोगी ओल आहे, उद्या असेल, परवाचं सांगता येत नाही. ऊन फार. उद्यासाठी शेजारच्या गावचा बबन ड्रायव्हर सांगितलाय. येईल ना? नाही आला तर

ता. २५ ऑक्टो.
आला. टाकीत तुरीची काडी घालून पाहिली, निम्मी ओली. म्हटलं, पुष्कळ झालं. निम्मं रान पेरलं अन् ट्रॅक्टर आचके देऊन बंद.

"आजोबा, डिझेल संपलं."
"काडी निम्मी ओली होती!"
"मग काडीवर चालवा."

चूक ध्यानात आली. बॅटरी कमजोर, म्हणून ट्रॅक्टर आम्ही उतारावर लावतो. सकाळी ढकलला की सुरू. पण उतारावर डिझेल टाकीच्या एका अंगाला जमतं, अन् काडी नेमकी तिथंच बुडते. संतोष आधी सपाटीवर आणून मग मोजायचा. मी विसरलो.

कॅनमधलं डिझेल ओतलं. तरी नाही. बबन म्हणाला, "डिझेलच्या नळीत हवा धरली. मिस्त्री आणा," अन् सायकलवर टांग टाकून गेला. त्याला दुसरं रान होतं. मी एकटा. चावी फिरवली. आवाज दर खेपेला बारीक होत गेला, दम लागलेल्या माणसासारखा.

तेवढ्यात मंदा, माझी सून, भाकरी घेऊन आली.
"मामा, स्टार्टर किती येळा मारला?"
"एकदा."
"मामा."
"चार-पाच येळा."

चावी काढली अन् पदराला गाठ मारून टाकली! "आता ही मागायची नाय. बॅटरी बसली तर बैलं जुंपून न्यावा लागंल."

पाना घेऊन बसली. माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून आधी सगळं पुसलं. म्हणे माती आत गेली तर हवेपेक्षा वाईट. म्हटलं, पोरी, मिस्त्री बोलावू. "आमच्या माहेरच्या विहिरीवरचं इंजन रोज हवा धरायचं, मामा. मिस्त्री काय रोज येतो व्हय?" तिचं माहेर हर्सूलकडं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही तिथं इंजिन होतं का मोट.

लक्ष्मण धनगर मेंढरं घेऊन बांधावर थांबला. "काय सूनबाई, ट्रॅक्टरला काढा पाजता का?"
"तुमची मेंढरं आवरा, लक्षुमणमामा. इकडं पेरलंय."

डिझेलच्या फिल्टरवरचा स्क्रू काढला अन् खालच्या पंपाचा छोटा दांडा अंगठ्यानं दाबत राहिली. आधी नुसता फेस आला, ताकावर येतो तसा. मग बुडबुडे. मग बुडबुडे कमी. अंगठा लाल झाला, पण थांबली नाही. बुडबुडा नसलेली सरळ धार आली तेव्हा मान हलवली.

इतक्यात मला दिसलं, स्क्रूखालचं तांब्याचं वायसर, ती बारीक चकती, नाही! काळ्या रानात पडलं तर सापडायचं कसं? गुडघा दुखत असताना खाली बसलो, ढेकळं फोडली. "मंदा, कुठं टाकलं? बोल की!" ती नुसती हं हं करते. मला राग आला. लक्ष्मण हसत सुटला. वायसर तिच्या दातांत होतं. पडू नये म्हणून धरलेलं, म्हणून बोलता येईना.

डिझेल थुंकून म्हणाली, "तुम्ही रान चांगलं भुसभुशीत केलं, मामा."

मग वायसर घालून स्क्रू आवळला, इंजिनाकडं जाणाऱ्या नळ्यांचे नट ढिले केले, पदराची गाठ सोडून मला वर बसवलं. "थोडंच मारा. म्हणलं की सोडा." नळ्या थुंकल्या. नट आवळले. "आता मारा."

पांढरा धूर, खोकला, परत खोकला, मग काळा धूर अन् ठोका धरला. लक्ष्मणनं फेटा काढून डोकं खाजवलं.

बबन गेलेला, अन् उजेडही सरत आला. उरलेलं रान उद्या.

ता. २६
बबन आला नाही. मंदा म्हणाली, "मी बसते." लोक काय म्हणतील म्हणून मी आधी घाबरलो. मग ती नको म्हणेल म्हणून घाबरलो. पेरणी यंत्रामागं मी, पुढं ती. पहिली तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, नागमोडी, पुढं दोरी लावल्यासारखी.

लक्ष्मण ओरडला, "तास वाकडं गेलं!"
"हरभरा सरळच उगवतो, लक्षुमणमामा!"

सगळं रान झालं. वाफसा सापडला. मला ती संतोषपेक्षा हुशार वाटते. हे कोणाला सांगू नये.

ता. २७
शहरात शहागंजला संतोषच्या ट्रकच्या हापिसात गेलो. मुनीम म्हणाला, "गाडी किधर है, हमकू भी नै मालूम चाचा. फोन आया तो बोलतूं." संतोषला द्यायचा निरोप त्याच्याकडून घोकून घेतला: चालवणारं घरातच आहे, सौदा थांबव. हसत होता. लक्षात ठेवेल का?

ता. २९, शनिवार
निरोप नाही. उद्या व्यापारी.

मंदाला म्हटलं, तुझं काय म्हणणं? "शब्द त्यांनी दिलाय, मामा. मी कोण?"

सांजेला बघतो तर ट्रॅक्टर सपाटीवर लावलेला. "उतारावर का नाय लावला?"
"व्यापाऱ्याला न्यायचाय. त्यांनीच ढकलावा."

चावी तिच्या पदराला आहे. मी मागितली नाही. उद्या व्यापारी मागेल, तेव्हा मला तिच्याकडं मागावी लागेल. ते माझ्यानं होईलसं वाटत नाही, अन् तुझा शब्द मोडणंही होणार नाही.

संतोष, बाबा, असशील तिथून सांगावा धाड. बाजार उठायच्या आत धाड.