रशियन घड्याळाची हलती चावी

अण्णा, आज दुपारी एका घड्याळाच्या पोटात तुमची खूण सापडली आणि मी चिमटा खाली ठेवला. इतकी वर्षं हे काम करतेय, उघडलेलं घड्याळ असं मध्येच कधी सोडलं नव्हतं. बजाजनगरहून एक मुलगी आली होती, आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन. कंपनीनं त्यांना कधीकाळी रशियाला धाडलं होतं, तिथून आणलेलं. समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं मनगटी घड्याळ, चांगलं जाडजूड. मी ते बघताक्षणी ओळखलं. याच घड्याळापायी तुम्ही आपल्या कारागिराला घालवलं होतं.

तो दिवस अजून समोर दिसतो. मी सोळा वर्षांची, तुमचा डबा घेऊन दुकानात आलेय. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव दलितांची घरं जळताहेत, गुलमंडीवर सगळे अर्ध्या फळ्या लावून धंदा करताहेत. आपला कारागीर दलित वस्तीतून रोज सायकलवर येतो. केसाएवढी स्प्रिंग सरळ करण्यात त्याचा हात तुमच्याहून हलका, हे घरी जेवताना तुम्हीच सांगायचात. आणि आता तुम्ही हे घड्याळ चार गिऱ्हाइकांसमोर वर धरता, काटे लावायची बाजूची चावी आटे फिरवून उघडता आणि यानं बिघडवली म्हणून बोटानं हलवून दाखवता. ती लुळी, इकडून तिकडे डुलतेय.

"भाऊ, ती अशीच हाय," तो म्हणतो. "मी उघडलं तवाबी हालतच व्हती."

"समुद्रात न्यायचं घड्याळ असं लुळं बनवतेत व्हय रं? मला शिकवतो का?" मग तुम्ही माझ्याकडे वळता. "तू सांग गं. काल घट्ट व्हती ना?"

"व्हय," मी म्हणते.

त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. स्वतःचा चिमटा फडक्यानं पुसला, तुमच्या पेटीत ठेवला आणि चपला घालून निघून गेला. घड्याळं बिघडवणारा म्हणून त्याचं नाव झालं, मग शहरात कुणी त्याला कामावर बसवेना. त्याच्या स्टुलावर तुम्ही मला बसवलंत. पोरीनं घड्याळं उघडायची याचं तेव्हा लोकांना केवढं नवल, आणि मला केवढी ऐट! पुढं एकदा चितेगावला एका कंपनीच्या गेटवर तो ट्रकमधून खोकी उतरवताना दिसला. मी रिक्षात मागं सरकून बसले.

आज त्या घड्याळाची बाहेरची कडी फिरवून काढली, मागचं झाकण उचलून पालथं ठेवलं, रबर सोडवलं, यंत्र बाहेर घेतलं. चावी दांड्यासकट हातात आली तेव्हा भिंगातून पाहिलं. चावी आणि दांडा यांच्यात बनवणाऱ्यानंच एक सैल सांधा ठेवलाय. आटे बसले की घट्ट, उघडले की डुलणार. ते बिघडलेलं नव्हतंच. तो खरं बोलत होता.

तरी तुमच्याबद्दल मनात आलं, बिचाऱ्यांना काय ठाऊक, असं घड्याळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार. मग झाकण पुसायला उलटं केलं. आत दोन तिरप्या रेघा, खाली महिना आणि वर्ष. आपल्या गावी, पिशोरला, आजोबांच्या मेंढरांच्या कानाला ओळखीसाठी जशी काप असायची, तीच खूण तुम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या आत कोरायचात. दुसऱ्या कुणाची ती असूच शकत नाही. आणि वर्ष? तो आपल्याकडे कामाला लागला त्याच्या आदल्या वर्षाचं.

म्हणजे तुम्ही हे घड्याळ आधी उघडलं होतं. चावी हलते, हलायलाच हवी, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं!

दुकानाच्या जागेचा मालक तेव्हा दोनदा येऊन गेला होता, "त्याला बसवू नका, दगडं येतील," म्हणून. तुम्ही घाबरलात, ते मी समजू शकते. मग तसंच सांगायचं होतं ना त्याला, "बाबा, मला भ्या वाटतंय, थोडे दिस येऊ नगं." तो चुपचाप गेला असता, हातातली विद्या घेऊन गेला असता. तुम्ही त्याच्या हातालाच डाग लावलात. तुम्ही, अण्णा, जे मला सांगायचात की घड्याळ उघडताना खोटं चालत नाही.

मला तुमचा संताप आलाय. दुपारपासून मनातल्या मनात भांडतेय तुमच्याशी. घड्याळ सुरू झालं, टिकटिकतंय. झाकणात मात्र माझी खूण कोरायला मन झालं नाही. हे पत्र तुमच्या मागं राहिलेल्या पेटीतच ठेवीन, त्याच्या चिमट्याखाली. खरं तर ते चितेगावला त्याच्याकडे न्यायला हवं; त्याचं घर मला ठाऊक आहे, पहिल्यापासून. पण तिथं गेले तर नुसतं तुमचं खोटं सांगून भागणार नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी व्हय म्हणाले, अण्णा. आदल्या दिवशी मी दुकानात आलेच नव्हते.