बाबांची कड

वेव्हरस्ट्रात, १४ एप्रिल

चि. लाउरेन्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाच वर्षांनी मोठी आहे, तेवढा आशीर्वादाचा हक्क आहेच. फोनवर आपण दोघं पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून आईने लावलेली पत्रांची सवय मोडायची नाही असं मी ठरवलंय. आर्हुसला अजून बर्फ आहे हे वाचून बाबांना फार बरं वाटलं. घर सोडून डेन्मार्कला गेल्याची ती शिक्षा आहे म्हणाले.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपल्या गल्लीचा चर्चकडचा अर्धा भाग मार्चअखेर पूर्ण झाला. डांबर गेलं, गाड्या गेल्या, दोन्ही बाजूंचे फुटपाथही गेले. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच सपाट विटांची जमीन आहे, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या नक्षीची. मधे मेपलची रोपं, घरांपुढे प्रत्येकाचा फुलांचा वाफा. टिनेके परवा चाकाच्या खुर्चीतून कुणाच्याही मदतीशिवाय समोरच्या घरी कॉफीला गेली. फुटपाथच्या वीतभर कडेने तिला इतकी वर्षं अडवून धरलं होतं. तिकडून तिने मला हात केला तेव्हा मला रडू आलं. गल्लीच्या समितीचं काम घेतल्याचं सार्थक झालं असं वाटलं, आणि लगेच असं वाटून घ्यावं का, असाही प्रश्न पडला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

नदीकडचा अर्धा भाग जूनच्या शेवटी सुरू होईल. आराखड्यात पालिकेच्या इंजिनिअरने डोळे गेलेल्या बाबांना काठीचं टोक लावून चालता यावं म्हणून खाचांच्या फरश्यांची एक रेघ सगळ्या गल्लीभर काढली होती. बाबांनीच ती खोडायला लावली. एका आंधळ्यासाठी गल्लीच्या तोंडावर ओरखडा कशाला, आयुष्यभर लोकांना गाडी मागे घेऊन लावायला शिकवलं, मला सरळ चालता येणार नाही काय, असं म्हणाले. रेघ गेली, नक्षी अखंड राहिली. मला हायसं वाटलं हेही लिहून ठेवते. अर्ध्या गल्लीला बापाने गाडी शिकवली आणि आता मुलगी गाड्या हाकलते, असं शेजारचे स्लाउटर हसून म्हणतात. पुरते हसत नाहीत.

बाबा ठीक आहेत. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये गाण्याच्या तालमीला जातात.

माया कमी करू नकोस, आणि मफलर घालत जा.
तुझी ताई,
गेरदीन


आर्हुस, २६ एप्रिल

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

गल्लीचं वर्णन वाचून हेवा वाटला. टिनेकेला सांग, पुढच्या वेळी येईन तेव्हा शर्यत लावू.

आता एक विचारतो, रागावू नकोस. परवा बाबांच्या तालमीतल्या हार्मचा वाढदिवस होता म्हणून फोन केला. त्याने पहिलंच काय विचारलं, तर बाबांचा खोकला कसा आहे. मला वाटलं, एप्रिलचं वारं असेल. पण तो म्हणाला की मार्च संपल्यापासून बाबा एकाही तालमीला आलेले नाहीत, दर वेळी खोकल्याचा निरोप येतो, आणि खर्जात आता तो एकटाच उरलाय.

तू लिहितेस की बाबा दर बुधवारी जातात. तुम्हा दोघांत कुणीतरी चुकतंय, आणि तारखांच्या बाबतीत हार्म चुकत नाही, तो फक्त बेसूर गातो. बाबा खोकतात का? आणि बुधवारी घरातून निघून जातात कुठे? तुझ्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं. या बुधवारी जरा बघ.

मी इथून उगाच घाबरतो असं तू म्हणशील. म्हण. पण बघ.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझा भाऊ,
लाउरेन्स


वेव्हरस्ट्रात, ९ मे

चि. लाउरेन्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबा खोकत नाहीत.

बुधवारी मी पडद्याआड उभी राहिले. बापावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून स्वतःची लाज वाटत होती. ठरल्या वेळी ते बाहेर आले. कोट, टोपी, पांढरी काठी. काठी पुढे टाकली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. पूर्वी काठीचं टोक फुटपाथच्या कडेला लागायचं आणि त्या कडेकडेने ते थेट हॉलपर्यंत जायचे. आता सगळीकडे सपाट. भिंतीला धरून जावं, तर तिथे आमचे वाफे, बाकं, टेकवलेल्या सायकली. ते चालायला लागले आणि त्यांच्या नकळत हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे वळत गेले. तेवढ्यात सामान पोचवणारा एक सायकलवाला घंटा वाजवत आला, कसाबसा बाजूने निघाला, आणि म्हातारबा, झोपेत चालताय का, असं ओरडून गेला. बाबा जागच्या जागी उभे. मग त्यांनी हात वर केला, जणू पलीकडून कुणी ओळखीच्याने हाक मारली आहे. तिथे कुणी नव्हतं, लाउरेन्स. हात तसाच ठेवून ते वळले, चाचपडत आपल्या बोळात शिरले आणि घरांमागच्या सायकलींच्या शेडकडे गेले.

मी मागोमाग गेले. शेडचं दार आतून लावलेलं होतं. आत ते गात होते. खर्जाची ओळ, एकट्याची. मधल्या जागा सोडून गात होते, जिथे बाकीचे गातात तिथे गप्प राहून.

दार वाजवायला हवं होतं. वाजवलं नाही. त्यांचा मान राखला असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तालीम कशी झाली म्हणून विचारलं, तर हार्म बेसूर गातो म्हणाले.

नदीकडच्या भागात जुनी कड अजून शाबूत आहे, म्हणून बाबा बेकरीपर्यंत तरी जातात. जूनअखेर तीही जाईल. मग त्यांना उरणार ती शेड आणि स्वयंपाकघर. मी इंजिनिअरशी बोलले. खाचांची रेघ अजून घालता येईल, झालेल्या भागातल्या विटाही उचलता येतील, पण बारा जूनच्या रहिवाशांच्या सभेने हो म्हणायला हवं. आणि सभेत बाबा उठून सांगणार की मला गरज नाही. ज्याच्यासाठी करायचं तोच नको म्हणतो, तर बाकीचे हात का वर करतील? बाबांना गाठून मला कळलंय असं सांगू का? की त्यांचा शब्द राखू? रेघ खोडली तेव्हा मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, की तो मला सोयीचा होता म्हणून ठेवला?

लवकर लिही. ओढ असू दे.
तुझी ताई,
गेरदीन


वेव्हरस्ट्रात, १७ मे

चि. लाउरेन्स यास,
अ. उ. आ.

जुन्या टाइपरायटरवर लिहितोय. बोटं एक घर सरकली तर पत्र डॅनिश समजून वाच.

हार्मच्या पोटात काही राहत नाही. तुला फोनवर काय बोलला ते सगळं त्याने स्वतःच येऊन सांगितलं, वर माझाच केक खाऊन गेला. तेव्हा तुझ्यापाशी खोकल्याचं नाटक करत नाही. नाही जात मी तालमीला. आमच्या दारासमोर आता समुद्र आहे. किनारा सापडत नाही.

हे गेरदीनला कळता कामा नये. तुझी आई गेल्यावर ही पोरगी दोन वर्षं घराचे पडदे उघडत नव्हती. तू लांब होतास, तू पाहिलं नाहीस. हा दोष देत नाही, फक्त सांगतो. या गल्लीच्या कामाने ती उठली. आता लोक दारातून तिला नावाने हाक मारतात, मला घरात ऐकू येतं. मी तक्रार केली तर विटा पुन्हा उखडणार आणि सगळे म्हणणार, हिच्या बापापायी. स्लाउटर तर टपलेलाच आहे. माझ्याकडे शिकताना दर तासाला फुटपाथच्या कडेला चाक घासायचा, ते अजून विसरला नाही.

मी शिकाऊ पोरांना सांगायचो, समोरून येणाऱ्याला जागा द्या, तुम्ही थांबा. मी थांबलोय, इतकंच.

पत्र फाडून टाक. जीव लावून राहा.
तुझे बाबा


आर्हुस, २४ मे

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, मागोमाग बाबांचंही मिळालं. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, तसं त्यांनी बजावलंय. फाडायला सांगितलंय, तेही केलं. एवढंच लिहितो की आपल्या घरात एकमेकांच्या सुखासाठी थापा मारायची फार जुनी रीत आहे. आई गेली त्या आठवड्यातही ती आपल्याला मजेत आहे असंच सांगत होती.

बाबांना एकट्याने गाठलंस तर ते तुझं ऐकून घेतील, मधाचा केक पुढे करतील आणि सभेत उठून तेच सांगतील. सभेतच बोलावं लागेल. कुणाची कड घ्यायची ते ठरव, आणि बाबांची घ्यायची असेल तर बाबांच्याच विरुद्ध उभं राहावं लागेल. त्यांचा अपमान होईल. ते कदाचित बोलणार नाहीत तुझ्याशी. आर्हुसला बसून हे सांगणं सोपं आहे, माशांचं पुडकं घेऊन वर्षातून एकदा उगवतोस, असं तू लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकतो.

पण एका माणसाने शेडमध्ये बसून एकट्याने खर्ज गावा, हे मला इथे झोपू देत नाही.

तू काहीही ठरवलंस तरी मी तुझाच.
लाउरेन्स


वेव्हरस्ट्रात, १५ जून

चि. लाउरेन्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झालं. कसं झालं ते लिहिते, कारण बोलायला इथे कुणी नाही.

बाबांना मीच हाताला धरून सभेला नेलं. सूट घातला होता त्यांनी. वाटेत माझ्या वाफ्यातल्या गुलखैऱ्याचा वास येतो म्हणाले. गुलखैऱ्याला वास नसतो, तरी मी हो म्हटलं.

इंजिनिअरने खाचांच्या रेघेचा विषय काढताच स्लाउटर म्हणाले की रेघेला त्यांची ना नाही, पण नव्याकोऱ्या विटा उखडायच्या तर कुणाला तरी खरंच अडचण आहे हे कळू दे. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले. दर बुधवारी तालमीला जातो, पावलं पाठ आहेत, हवं तर हार्मला विचारा, असं ठणठणीत आवाजात म्हणाले. वर, गाडी शिकवताना डोळे मिटून बसायचो, तेव्हाही जिवंत राहिलो, असंही म्हणाले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. हार्म कॉफीच्या कपात बघत राहिला.

मी उभी राहिले. म्हटलं, बाबा खरं सांगत नाहीत. सायकलवाला सांगितला, कुणी नसताना वर केलेला हात सांगितला. शेड सांगितली. आत काय ऐकलं तेही सांगितलं. तेवढं सांगायला नको होतं. ते त्यांचं होतं.

मग टिनेके म्हणाली की त्या खाचांवरून तिच्या खुर्चीची चाकं खडखडणार आणि दात हलणार, पण दाराशी बसून राहणं म्हणजे काय ते तिला माहीत आहे, तेव्हा दात हलू देत. हात वर झाले. स्लाउटरांचाही झाला, सगळ्यात शेवटी.

बाबांनी मला नाही, हार्मला घरी सोडायला सांगितलं. काल मी सूप घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, पातेलं घेतलं, आभार मानले, दार लावलं. परक्याचे मानतात तसे आभार.

मी हे त्यांच्यासाठी केलं, की माझं मन मला खाऊ नये म्हणून? दोन्ही उत्तरं खरी वाटतात. तू मला बरोबर केलंस असं लिहू नकोस. फक्त लिही.

तुझी,
गेरदीन


वेव्हरस्ट्रात, २८ सप्टेंबर

चि. लाउरेन्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उन्हाळाभर तीच रड लिहीत राहिले, आज थोडं वेगळं लिहिते.

रेघ ऑगस्टमध्ये पूर्ण झाली हे तुला कळवलंच होतं. पांढरट फरश्या, बोटभर खाचा, चर्चपासून नदीपर्यंत. नक्षी बिघडली. खरंच बिघडली, उगाच कशाला नाही म्हणू? आणि बाबा तिच्यावर पाऊल टाकत नव्हते. पाव टिनेकेकडून मागवायचे. माझ्याशी बोलणं हो-नाहीपुरतं, तेही सुपाच्या पातेल्यापुरतं. आपण त्यांची अब्रूही घेतली आणि वाटही देऊ शकलो नाही, असं मी धरून चालले होते.

परवा बुधवारी संध्याकाळी मी भांडी पुसत होते. बाहेर एक आवाज आला, ओरखड्यासारखा, खर्र, खर्र, थांबून थांबून. खिडकीशी गेले. बाबा येत होते. कोट, टोपी, काठीचं टोक खाचेत. सरळ. सायकली दोन्ही बाजूंनी जात होत्या आणि ते त्यांच्याकडे लक्षही देत नव्हते. स्लाउटरांचं घर गेलं. माझं दार आलं. ते थांबतील असं मला वाटत नव्हतं, आणि थांबू नयेत असंच वाटत होतं.

पण थांबले. त्या सकाळीच मी एक हिरवं बाक विकत आणून दारापुढे ठेवलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं की त्याचा एक पाय रेघेवर आला आहे. काठी खणकन आपटली. बाबांनी वाकून बाक चाचपलं, पाठ, कड, पाय. मग सरळ झाले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागले की ही गाडी इथे कुणी उभी केली, या बाईला परवाना दिला कुणी, चाक रेघेवर आलंय हे दिसत नाही का, आंधळी आहे का ही, नापास, साफ नापास.

मी हातातल्या फडक्यासकट धावले आणि बाक ओढलं. एवढं बोलणं जूननंतर पहिलंच होतं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं नाही. काठीने खाच शोधली, तालमीला उशीर होतोय म्हणाले, आणि गेले. हॉलच्या दारात हार्मने हाक मारली ती मला इथपर्यंत ऐकू आली.

रात्री परतताना ते माझ्याकडे थांबले नाहीत. एकटेच घरी गेले.

बाक भिंतीला चिकटवून ठेवलंय. डिसेंबरात आलास की त्यावर बसू, थंडीत, हट्टाने. तोवर आमच्या दोघांवरही जीव असू दे.

तुझी ताई,
गेरदीन