पहिल्या नंबरची दुरुस्ती

ती. ताईस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर, भाओजींचा खोकला आणि हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवणारी माझी भाची, तिघंही ठीक असतील असं धरून चालते. (भाचीबाई, कंसातलंही वाचायचं. मागच्या वेळी गाळलंस ते मला कळलं आहे.)

आधी चूक सुधारते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दीड वर्षाने शाळा उघडली तेव्हा दुसरीची सगळी मुलं मला पाहून आनंदाने रडली. सगळी नाही, एकोणीस रडली, आणि आनंदाने नाही. फोनवरच्या आवाजावरून त्यांनी मला चांगली उंचीपुरी बाई समजलं होतं. मी आत शिरले तर एकाने विचारलं, "बाई कधी येणार?"

शाळा बंद होती तेव्हा मी रोज एकेका घरी फोन करून दहा-दहा मिनिटं शिकवत होते, हे तुला ठाऊक आहे. ती सवय अजून गेलेली नाही. उत्तर देऊन झालं की मुलं "ठेवतो हं बाई" म्हणतात आणि उठून चालू लागतात. परवा तिघं फाटकापर्यंत पोचले होते. (मीसुद्धा हजेरी घेताना डोळे मिटते, कारण चेहऱ्यावरून मला अजून कुणी ओळखू येत नाही. हे मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, माहीत नाही.)

आता खरी चूक. इस्त्रीवालीची मुलगी, जिचं मी तुझ्यापाशी एवढं कौतुक केलं, ती फोनवरच्या परीक्षेत पहिली आली. मी माझ्या सहीचं प्रशस्तिपत्र दिलं, मोठ्या बाईंनी दारातल्या फळ्यावर तिचं नाव लिहिलं. फोनवर तिचं प्रत्येक उत्तर बरोबर यायचं आणि उत्तरापाठोपाठ धप्प असा आवाज यायचा. मला वाटायचं, पोर आनंदाने उडी मारते. वर्गात मात्र तिला काहीही विचारा, ती शांतपणे सांगते, "ते आईला विचारा." उद्धटपणा समजून मी तिला दोनदा उभं केलं. (तिची माफी मागितली आहे. ती "बरं" म्हणाली.)

सोमवारी शाळा सुटताना मागून तोच बारीक, ओळखीचा आवाज आला, "बाई, आज लवकर सोडलं?" वळूनही न बघता मी म्हणाले, "शाब्बास! आता सातचा पाढा म्हण." पाढा आला, खडखडीत, न अडखळता. वळून बघते तर कपड्यांचं गाठोडं घेतलेली तिची आई! (धप्प म्हणजे इस्त्री.)

"फोन वाजला की पोरगी पलंगाखाली जायची हो," ती म्हणाली. "तुम्ही तिकडून हाका मारताय, मारताय. मला कसंसंच व्हायचं. म्हटलं, कुणीतरी हजर असावं."

"अहो, पण परीक्षासुद्धा?"

"तोवर मला गोडी लागली होती."

मी कपाळाला हात लावला. तिने हळूच विचारलं, "आता पोरीला खालच्या वर्गात घालाल का?" मी नाही म्हटलं, तशी जरा रागावूनच म्हणाली, "माझा आठचा पाढा अर्धाच राहिलाय. मधेच शाळा उघडली तुमची."

ताई, आता माझी पंचाईत बघ. फळ्यावरचं नाव खोटं आणि सही माझी. सांगावं तर माझी नोकरी अजून कच्ची आहे. न सांगावं तर ती पोर रोज त्या फळ्याखालून मान खाली घालून आत येते, ते बघवत नाही. म्हणून सांगणारच आहे. आणि त्याच दमात शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग उघडा ठेवायची परवानगीही मागणार आहे, आठच्या पाढ्यासाठी. (आधी कबुली की आधी परवानगी, हे ठरत नाही.)

तुझी,
धाकटी

ता. क. : इस्त्रीवाली म्हणते, एकटीला बाकावर बसायची लाज वाटते, शेजारी कुणी आपल्या वयाचं असलं तर येईन. मला शाळेत घातलं तेव्हा घरचं सगळं तू ओढलंस, म्हणून मी तुझं नाव सुचवलं आहे. सुचवलं म्हणजे, तू येते आहेस असं सांगून टाकलं आहे.

दुसरा ता. क. : मला तुझ्या शिक्षणाची फार काळजी आहे असं मात्र समजू नकोस. मोठ्या बाईंच्या खोलीत एकटीने शिरायचा मला धीर होत नाही. तू नुसती दारात उभी राहा. शनिवार, अठरा तारीख, सकाळी साडेअकरा.