हाज बसयूनींचा घसा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.१०
आरशासमोर तोंड वासून उभा आहे. दाढेखाली पू. चव अशी की स्वतःची थुंकी गिळवत नाही. शुक्रवारी रावियाच्या घरी आमचं लग्न ठरल्याची फातिहा म्हणायची. तिचे वडील हाज बसयूनी. त्यांच्याच कारखान्यात मी खुर्च्यांना पॉलिश करतो. तोवर गालाची सूज उतरलीच पाहिजे.

दुपारी १
दाताच्या डॉक्टरांनी पू काढला. पेनिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या. दर आठ तासांनी, सांगितले तितके दिवस. दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. पेनिसिलिनने अंगावर कधी पित्त उठलं होतं का, हेही विचारलं. मला काय अडाणी समजतात? अडाणी आमच्या कारखान्यात आहेत. एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या खिशात, कलिंगडाच्या बियांसारख्या चघळतात. किळस येते. मी गजर लावला.

१५, बुधवार
पहाटेचा गजर बंद केला. झोप हेही औषधच.

१६, गुरुवार
गाल जागेवर. बरं वाटत असताना औषध गिळणं हा खादाडपणा. पाकीट कोटात ठेवलं, पुढच्या वेळेसाठी. दाढ किंचित ठणकते. वाऱ्यामुळे.

१७, शुक्रवार. दुपारी ३
आई आणि मी मिशब्बक घेऊन रावियाकडे आलो. जिलबीसारखं, तेलकट. सगळे एकाच ताटात बोटं घालून चाटत होते. हाजसाहेबांचा घसा बसलेला. शेजारीण स्वतःच्या उरलेल्या गोळ्या घेऊन आली. शी! मी माझं पाकीट पुढे केलं: डॉक्टरांनी दिलेलं, स्वच्छ. रावियाने विचारलं, माझा कोर्स संपला का. मी सांगितलं, मला औषध लवकर लागू पडतं. हाजसाहेबांनी कॅप्सूल गिळली आणि आईला म्हणाले, असा जावई असला की दवाखान्याची पायरी नको.

संध्याकाळी ५.३०
दवाखान्याच्या बाकावर. हाजसाहेबांच्या अंगभर पित्ताच्या गांधी, ओठ वांग्यासारखे, श्वास घरघरत होता. इंजेक्शननंतर मोकळा झाला. औषध कोणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा गाल पुन्हा फुगलाय, तोंड उघडेना.
रावियाच म्हणाली, "ह्यांनी दिलं. स्वतः घ्यायचं सोडून."
हाजसाहेबांनी हातानेच खुणावलं: फातिहा राहू द्या.

१८, शनिवार
दाताचे डॉक्टर पुन्हा: ४०० पाऊंड. मिशब्बक: १८०. हाजसाहेबांचा दवाखाना: ९५०, माझ्या पगारातून कापणार.
सोनाराचं देणं: चौदा हजार.
अंगठी माझ्याच खिशात आहे.