आठवाला

धुळे,
२६ एप्रिल १९९४

प्रिय लोटन,

पत्र कुणाचं ते अक्षरावरून ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. चार दिवस झाले, माझे हात ठिकाणावर नाहीत. काल तेराचा पाना आणायला उठलो आणि सतराचा घेऊन आलो. एकवीस वर्षांच्या मिस्तरीकीत असं कधी झालं नव्हतं.

तुझी जीप माझ्या गॅरेजात उभी आहे. तीच, लष्कराच्या लिलावातली, चोपन्न सालची. शिरपूरकडचा एक माणूस मागून घूं घूं आवाज येतो म्हणून लावून गेला. आता तिला निळा रंग आहे, टपही नवा. वरून मी ओळखली नाही. खाली झोपलो आणि मागच्या स्प्रिंगांच्या बैठका दिसल्या. ते वेल्डिंग माझं होतं. इतके सारखे टाके अख्ख्या धुळ्यात दुसरा कोणी घालत नाही, हे तूच चारचौघांत सांगायचास आणि वर चिडवायचास, की पितांबरच्या आईने याला शिलाईमशीन घेऊन द्यायला हवी होती.

त्र्याऐंशीच्या दिवाळीआधीचं ते काम. सातपुड्यातल्या पाड्यांवर माणसं आणि पोती वाहून जीपचा मागचा शाफ्ट वर्षातून तीनदा मोडायचा. मी म्हटलं, शाफ्ट किती वेळा बदलणार, अख्खा मागचा धुराच बदलू. भंगारात एका जड गाडीचा धुरा मिळाला, हौसिंगच्या कवचासकट सगळा. नळी तुझ्या मनगटाहून जाड. भंगारवाला म्हणाला, आठवाला आहे. तू तेव्हा शेजारीच चहा पीत होतास. आपल्याकडे पुरं कोण बोलतं? लहान चक्राचे, म्हणजे पिनियनचे, दात आठ असले की मोठ्या चक्राचे, क्राऊनचे, त्रेचाळीस, हे आम्हा मिस्तरींना पाढ्यासारखं पाठ. तुझ्या पुढच्या धुऱ्यातही आठ-त्रेचाळीसच होते. पुढचा-मागचा एक पाहिजे, एवढी अक्कल मला होती. क्राऊनच्या कडेवर ठोकलेले आकडे बघितले. आठ स्वच्छ होता. पुढचे दोन गंजाने बुजले होते. ते मी माझ्या मनाने वाचले.

बाकी काम मी कसं केलं ते तू पाहिलंस. बैठका कापून नव्या बसवल्या, धुऱ्याला फिरवणारा प्रोपेलरचा दांडा पाऊण इंच आखूड केला, दोरी लावून चाकांची रेषा तीनदा मोजली. मग पुढची-मागची चारही चाकं जोडून, म्हणजे फ्रंट लावून, पांझरेच्या वाळूत जीप घातली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तू पेढे वाटलेस. जाताना मी तुला शहाणपण शिकवलं, की घाट उतरताना फ्रंट लावूनच उतरत जा, गाडी हातात राहते.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तू तसाच उतरलास. शेजारी तुझा मेहुणा तोताराम होता, भागावहिनींचा पाठचा भाऊ, पार्वताबाईंचा एकुलता एक मुलगा. तो त्या घाटातून परत आला नाही. पुढचं मी लिहीत नाही. तुला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

पंचनाम्याला मला बोलावलं होतं. तू खाटेवर पडून एकच सांगत होतास, की स्टिअरिंग वळलं पण गाडी वळली नाही, आणि फ्रंटचा लिव्हर काढायला गेलो तर निघेना. मी ब्रेक बघितले, स्टिअरिंगचे सांधे हलवून बघितले, धुऱ्याखाली हात फिरवला. काहीच तुटलं नव्हतं. मग पारावर, अख्ख्या गावासमोर, पार्वताबाईंसमोर मी बोललो, "गाडी नाही चुकली, हात चुकला." मिस्तरी बोलला म्हणजे झालंच. लोकांनी त्यात दारू आपल्या पदरची घातली. तू लायसन चुलीत टाकलंस आणि वहिनींना घेऊन यावलला केळीच्या बागेत राबायला गेलास. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, माझं काम निर्दोष निघालं याचं बरंही वाटलं होतं.

शुक्रवारी हौसिंगचं झाकण खोललं. क्राऊन डिझेलने धुतला, एका दाताला खडू लावला आणि सहज, काही कारण नसताना, दात मोजले. एकोणचाळीस आले. वाटलं, मधे चार सुटले. पुन्हा मोजले. एकोणचाळीस. मी जमिनीवरच बसलो. शेजारच्या लेथवरून पंडितला बोलावलं. का ते सांगितलं नाही, नुसतं मोज म्हटलं. तो बोट लावत लावत गेला, खडूपाशी थांबला आणि म्हणाला, एक कमी चाळीस. गंजावर पॉलिश पेपर मारला तेव्हा आकडाही दिसला. तीन आणि नऊ. दहा वर्षं तिथेच होता.

लोटन, पुढची चाकं दहा फेरे घेणार तेवढ्यात मागची अकरा घेणार. वाळूत चाकं घसरतात, फरक जिरून जातो. म्हणून माझी चाचणी पास झाली. कडक मुरमाच्या घाटात तो जिरायला जागाच नसते. मागची चाकं ढकलतात, पुढची अडतात, लिव्हर आवळून बसतो आणि वळणावर पुढची चाकं सरळ फरफटत जातात. तू खाटेवरून शब्द न् शब्द हेच सांगत होतास. जीपच्या या मालकाने पुढचा प्रोपेलर केव्हाच काढून टाकलाय. म्हणाला, फ्रंट लावला की गाडी अडते. मिस्तरी नसलेल्या माणसाला कळलं ते मला कळलं नाही.

रविवारी मी तुझ्या सासुरवाडीला गेलो. पार्वताबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं. दात, आकडे त्यांना काय कळणार. पण सूप खाली ठेवून त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माना जवाई खरं बोलना व्हता." मला पाणी विचारलं नाही. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. सरपंचाला निरोप दिलाय. सोमवारी, नऊ तारखेला, ज्या पारावर बोललो होतो तिथेच उभा राहून ते शब्द मागे घेणार आहे. क्राऊन बरोबर नेतो. ज्याला मोजायचे त्याने दात मोजावेत.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. मी निघालो तेव्हा म्हातारीने हाक मारून अक्षय्य तृतीयेचा विषय काढला. दहा आखाज्या झाल्या, माझी पोर माहेरी आली नाही, पोरी झोके घेतात तेव्हा मी दार लावून घेते, म्हणाल्या. यंदा भागाला आणायची आहे. मी म्हटलं, फार चांगलं, पण मुराळी म्हणून कोण जाईल? बहिणीला आणायला भाऊ जातो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोंडातून शब्द सुटला आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तूच जाय," म्हणाल्या. तेव्हा आखाजीच्या तीन दिवस आधी, मंगळवारी दहा तारखेला, पहिल्या यष्टीने मी यावलला येतोय. तुझ्या दाराशी यायची माझी लायकी नाही, म्हणून स्टँडवरच बसेन. हे पत्र वहिनींना वाचून दाखव. त्यांना या मुराळ्याबरोबर यायचं असेल तर तू त्यांना स्टँडपर्यंत आणून सोड. नसेल यायचं तर कुणाहाती निरोपही धाडू नकोस. शेवटची गाडी सुटेपर्यंत मी बसून राहीन आणि पार्वताबाईंना जाऊन सांगेन, की भाऊ नाही, मीच गेलो होतो, म्हणून ती आली नाही.

तुझाच, तू म्हणशील तर,
पितांबर